आज जागो कोण?

राऊळकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते काचेतून. मुलुंड पूर्वेला कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी ऐकण्याची तपासणी करते. बाहेरचा आवाज आत न येणारी एक बंद खोली असते, बूथ म्हणतो आम्ही तिला. पेशंट आत हेडफोन लावून बसतो, मी काचेबाहेर मशीनवर. मी बारीक आवाज सोडायचा, त्याला ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं आणि माझ्यापुढे दिवा लागतो. इतकं सोपं काम. काका आत जाऊन बसले, पांढरा हाफशर्ट, ताठ पाठ, डोळे उघडे. आणि मी मशीनला हात लावायच्या आधीच दिवा लागला.

मी थांबले. दिवा विझेना. माइकवरून म्हटलं, "काका, अजून सुरू केलेलं नाही. आवाज आला की मगच दाबा."

"आवाज आहे," ते म्हणाले.

"मी सोडलेलाच नाही."

"तू सोडूक नाय गो. पण माका आयकाक येता, तेचा मी काय करू?"

सकाळपासून रांग लागली होती, दोन वाजत आले तरी डबा उघडला नव्हता, आणि माझा स्वभाव मुळातच तुसडा. बटण सोडा, नाहीतर सगळी टेस्ट पहिल्यापासून करावी लागेल, असं मी सुनावलं. त्यांनी निमूट सोडलं. बाहेर त्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, डॉक्टरांपाशी गाऱ्हाणं घालत होत्या की हे टीव्ही इतका मोठा लावतात, खालच्या मजल्यावरच्यांनी आपला विकला तरी चालेल.

कानात आपोआप आवाज येणं यात नवल काही नाही. वय झालं, कारखान्यात आयुष्य गेलं, की होतं असं. आमच्याकडे रोज एकदोघं येतात. कुणाला रातकिडे ऐकू येतात, कुणाला कुकरची शिट्टी. अशा वेळी मशीनवर एकेक स्वर वाजवून पेशंटच्या आवाजाशी जुळणारा शोधून काढायचा असतो. दुसऱ्या खेपेला मी तेच करायला बसले. हा का? "नाय." हा? "ह्याच्या खाली." हा? मी वर पाहिलं तर काकांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला होता आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. जाडसर, किंचित थरथरणारा 'गुंऽऽ' असा स्वर होता तो. दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "बावीस वर्षं मी एकटाच ऐकत होतो. आज दुसरं माणूस भेटलं."

मी तुसडी असले तरी दगड नाही. त्यांना पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. डॉक्टरांनी तो आवाज झाकणारं कानातलं एक छोटं यंत्र सुचवलं, तर काका नकोच म्हणाले. "झाकला म्हणून तो जाणार आहे का? आत बसून राहील." निघताना मला म्हणाले, "शुभदा सोसायटीच्या गच्चीवर सकाळी सहाला ये. ध्यानाला बसतो आम्ही. तुझी घाई जरा कमी होईल." मला रागच आला. माझ्या घाईशी यांना काय करायचंय? तरी तिसऱ्या दिवशी गेले.

गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून पत्र्याची एक खोली होती. दहाबारा माणसं जमायची. फी नाही, फक्त बसायचं आसन ज्याने त्याने आणायचं. सगळे मांडी घालून बसले की काका दारात उभे राहायचे आणि रोज एकच प्रश्न विचारायचे, "आज जागो कोण?" मुंबईत पन्नास वर्षं काढून त्यांची मालवणी पातळ झाली होती, पण हा प्रश्न त्यांनी कधी दुसऱ्या भाषेत विचारला नाही.

त्या वर्गाचा नियमच होता तो. रोज एकाने ध्यानाला बसायचं नाही. पाळीपाळीने. त्याने दाराशी स्टुलावर डोळे उघडे ठेवून बसायचं आणि बाकीच्यांसाठी ऐकायचं. खालून कुणी हाक मारतंय का, कुठून गॅसचा वास येतोय का, लिफ्टची घंटा वाजतेय का, बसलेल्यांपैकी कुणाचा श्वास बिघडलाय का. एकाने हात वर करून "मी" म्हटल्याशिवाय काका पुढचा शब्द बोलत नसत. आधी मी एकदोन ठिकाणी ध्यानाला जाऊन आले होते. तिथे पडदे ओढलेले, दार आतून बंद. इथे दार सताड उघडं. कुणी लावायला उठलं की काका म्हणायचे, "राहू दे उघडं. दार लावायला आपण काय चोरी करतोय?"

शिकवायचे ते एखाद्या फिटरने हाताखालच्या माणसाला शिकवावं तसं, आणि ते होतेही फिटरच. "मन पळालं? पळू दे. त्याला शिव्या घालत बसू नको, त्यात आणखी वेळ जातो. श्वासावर परत ये." मग अंगठ्यांनी कान बंद करून भुंग्यासारखं गुणगुणायला लावायचे, आणि गुणगुणणं थांबलं की आतलं ऐकायला. "आधी समुद्र येईल. मग घंटा येईल, कुणाला बासरी येते. भुलू नको. आलेल्याला पाणी विचार आणि पुढे चाल." हे वाक्य ते दर दोन दिवसांनी म्हणायचे, आणि 'भुलू नको' म्हणताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

तिसऱ्या मजल्यावरच्या शाहबेन त्यांच्या मागेच लागायच्या. "काका, एक मंत्र द्या ना आम्हाला. छोटासा पण चालेल." काका हसायचे. "मंत्र माझ्याकडे मागू नका. म्हणायचा कसा ते सांगतो." मग तीन पायऱ्या सांगायचे. आधी मोठ्याने म्हणायचा. मग आवाज जातो, नुसते ओठ हलतात. मग ओठही थांबतात, बोटांतली माळसुद्धा थांबते आणि मंत्र आतल्या आत चालू राहतो. "ओठ थांबले की समजायचं, माणूस आत पोचला. तेव्हा उगाच हाक मारून त्याला बाहेर काढायचं नाही." हे सगळं त्यांना इतकं नेमकं ठाऊक होतं आणि स्वतः ते एकदाही डोळे मिटत नसत. सगळे आत गेले की भिंतीला टेकून उभे राहायचे, एखाद्या इस्पितळात रात्रपाळीची नर्स असते ना, तसे.

एका मंगळवारी जागं राहायची पाळी माझी होती. घरी आईचं आजारपण, तीन रात्री धड झोप नव्हती. स्टुलावर बसून भिंतीला डोकं टेकलं आणि डोळा लागला. जाग आली ती काकांच्या धावण्याने. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत दुसऱ्या मजल्यावरच्या दम्याच्या आजी होत्या. घंटा काकांनाही ऐकू आली नव्हती. आजींनी दारावर मारलेल्या बुक्क्यांचे हादरे त्यांच्या पायाला लागले होते. वॉचमनने चावी लावून लिफ्ट खाली घेतली. आजी घाबरल्या होत्या, बाकी काही झालं नाही. मग काका जिन्यात माझ्यासमोर उभे राहिले.

"अकरा माणसांनी तुझ्या भरवशावर डोळे मिटले होते."

"झोप लागली, काका. मुद्दाम केलं का मी?" चूक माझी असली की मी आधी आवाज चढवते, ही माझी जुनी खोड.

ते पायरीवर बसले. मग शेजारच्या जागेवर हात आपटला. "बस. तू तो आवाज ऐकलायस. तुला सांगायला हरकत नाही."

तीस वर्षं ते एल.बी.एस. रोडवरच्या एका कारखान्यात होते. आज तिथे टॉवर आहे. मशीन आतून खराब होतंय का हे ते ऐकून सांगायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. कुठलं बेअरिंग महिनाभर चालेल आणि कुठलं उद्या जाईल हे ते अचूक सांगत. त्यांच्या शब्दावर मशीन चालायचं किंवा बंद व्हायचं. तिशीत त्यांनी एका गुरूकडून मंत्र घेतला होता. उठता-बसता, काम करताना, जेवताना जप. गुरू म्हणाले होते, एक दिवस असा येईल की तू म्हणायचा थांबशील आणि मंत्र आपणहून वाजेल. वीस वर्षं जप केला, तो दिवस काही आला नाही.

"मग आला," काका म्हणाले. "सुरेश दळवी म्हणून आमच्या वाडीतला होता, ग्राइंडरवर. आम्ही एका डब्यात जेवायचो. म्हणाला, यशवंता, या मशीनचा आवाज मला बरा वाटत नाही, बघ रे जरा. मी कान लावला. आणि आत माझा मंत्र वाजत होता. मी म्हणत नव्हतो. वाजत होता. गुंऽऽ करून असा भरून आला की कारखाना गेला, मी गेलो, काही उरलं नाही. किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. डोळ्यांना धार लागली होती. दळवीने विचारलं, काय रे, ठीक आहे ना? मी म्हटलं, झकास आहे."

जिन्यात खालून कुणाच्या तरी कढीपत्त्याच्या फोडणीचा वास येत होता.

"जेवणाच्या सुट्टीनंतर बेअरिंग जाम झालं, दगडाचं चाक फुटलं. दळवी समोर उभा होता." त्यांनी हात छातीशी नेला आणि तसाच ठेवला. "मोडायला आलेलं बेअरिंग रडत होतं गो. आणि माका तो देव वाटलो."

चौकशी झाली, त्यांचं नाव कुठे आलं नाही. कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले. त्या दिवसापासून तो 'गुंऽऽ' कानातून गेला नाही आणि मंत्र तोंडात आला नाही. पहिला शब्द काढला की आवाज वाढायचा आणि दळवी विचारायचा, ठीक आहे ना? मग कारखाना बंद पडला, सोसायटीतली माणसं ध्यान शिकवा म्हणून मागे लागली. काकांनी एकच अट घातली. शिकवायचं तर ब्रेकसकट शिकवायचं. एक माणूस जागं राहायला हवं.

त्यानंतर आमचं नातं बदललं. मी दवाखान्यातून सुटले की कधीमधी त्यांच्याकडे चहाला जायचे. काकी भजी तळायच्या, काका कारखान्यातल्या गमती सांगायचे, पण निघताना दारात येऊन हळूच तेच बोलायचे. गुरूने दिलेला मंत्र टाकून मरायचं नव्हतं त्यांना. "माका येकदा तेच्या पलीकडे जावचा आसा. येकदाच." भीती अशी होती की डोळे मिटून ते त्या आवाजात शिरतील आणि तेवढ्या वेळात बाहेर पुन्हा कुणाचं तरी काहीतरी होईल. एकदा त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या काचेच्या खोलीत बाहेरचा आवाज मुळीच येत नाही ना? मग तिथे जो येईल तो माझाच. आणि तू काचेबाहेर असशील."

रविवारी दवाखाना बंद असतो, चावी माझ्याकडे. सकाळी नऊला काका आले. आंघोळ केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा. डब्यात माळ होती. बावीस वर्षांत तिला हात लागला नव्हता. मणी धुळीने करडे झाले होते. मी ओल्या फडक्याने पुसून दिले. आत जाऊन बसल्यावर त्यांनी आतलं बोलणं बाहेर ऐकवणारा स्पीकर बंद करायला सांगितला. गुरुमंत्र दुसऱ्याच्या कानावर पडायचा नसतो. मी बंद केला. जन्मभर लोकांचं ऐकणं तपासणारी मी, ऐकायचं बटण स्वतःच्या हाताने बंद करून काचेला नाक लावून बसले.

दार लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "आज जागो कोण?"

"मी आसंय," मी म्हटलं. माझ्या मालवणीला ते हसले. म्हणाले, "अर्ध्या तासाने हाक मार," आणि त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांचे काका मी पहिल्यांदाच पाहत होते.

आधी त्यांचे ओठ जोरात हलत होते. चेहरा आवळलेला, कपाळावर घाम. मला दोनदा वाटलं दार उघडावं. मग हळूहळू कपाळ सैल पडलं. ओठ नुसते फुरफुरल्यासारखे हलायला लागले. दुसरी पायरी, मी मनात म्हटलं. आणि वीसेक मिनिटं झाली असतील, ओठ थांबले. माळही थांबली. मान जराशी पुढे आली. इतका शांत चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मला रडू आलं, आनंदाचं. पोचले, मी म्हटलं. गेले एकदाचे पलीकडे.

अर्धा तास झाला. मी दाराच्या मुठीला हात लावला आणि सोडला. बावीस वर्षांनी माणूस आत पोचलाय, त्याला काय घड्याळ बघून बाहेर ओढायचं? म्हटलं, दहा मिनिटं आणखी बसू देत. ती दहा मिनिटं मी दिली. फार प्रेमाने दिली.

हृदय बंद पडलं होतं. नक्की कधी ते सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. लगेच कळलं असतं तर वाचले असते का, तेही सांगता येणार नाही. मंगळवारी स्टुलावर मी झोपले होते आणि काही झालं नाही. त्या रविवारी मी टक्क जागी होते.

सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं गेलं की राऊळकाकांनी ध्यानावस्थेत देह ठेवला. शाहबेन म्हणाल्या, असं मरण मोठ्या पुण्याईने येतं. लोक माझ्याकडेही आदराने बघायला लागले, मी तिथे होते म्हणून. मला ते सहन होईना. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी काकींकडे गेले आणि सगळं सांगितलं. स्पीकरचं, ओठांचं, दहा मिनिटांचं. काकी गहू निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"तोंड कसा होता तेंचा?" त्यांनी विचारलं.

"शांत होतं, काकी."

"मगे माका कित्याक सांगतस?"

मला कशाला सांगतेस, हे त्या रागाने म्हणाल्या की माझ्यावर दया करून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पुन्हा विचारायची हिंमत नाही. आणि काका त्या आवाजाच्या पलीकडे गेले की त्या आवाजातच गेले, हे सांगणारं कुणी नाही. दवाखान्यात सकाळी मशीन सुरू करताना मी आधी स्वतःच्या कानाने एकेक स्वर तपासते. काकांच्या स्वरापाशी आले की हात लवकर पुढे सरकतो. मग मशीन बंद केलं तरी बूथमध्ये तो बारीक चालूच असतो. एवढ्या शांततेत प्रत्येकालाच काही ना काही ऐकू येतं, असं मी पेशंटला रोज समजावते. मला मात्र त्याच्यामागून त्यांचं विचारणं ऐकू येतं, आज जागो कोण. मी मोठ्याने उत्तर देते. एकदा नवीन आलेल्या मुलीने ऐकलं आणि चमकून बघितलं.

गच्चीवरचा वर्ग आता मी चालवते. चालवते म्हणजे काय, काका सांगायचे तेच सांगते, आणि पायऱ्या मात्र दोनच सांगते. प्रश्न मीच विचारते आणि कुणाचा हात वर यायच्या आधी मीच उत्तर देते. आमचीही पाळी लावा की, असं लोक म्हणतात. मी ऐकत नाही. दर पाच मिनिटांनी उठते, ओळीने प्रत्येकाच्या खांद्याला हात लावते. डोळे उघडायचे नाहीत, पण हात लागला की "हुं" म्हणायचं, असा माझा नियम आहे. अकरा जणांचे अकरा हुं ऐकल्याशिवाय मी स्टुलावर बसत नाही.

परवा शाहबेन वैतागल्या. डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाल्या, "अहो ताई, आता कुठे छान लागत होतं. तुम्ही हात लावता आणि सगळं मोडतं."

"मोडू दे," मी म्हटलं. "हुं म्हणा."